पूरकाळातली कामगार सुरक्षा (सांगली)

पूर आला की बोटीवरचे जवान, वायरमन, सफाई कामगार, आशाताई, मदतीला धावलेली गावातली पोरं असे सगळे पाण्यात उतरतात, आणि ती माणसं स्वतः धडधाकट घरी परत यावीत म्हणून जी काळजी घेतली जाते ती म्हणजे ही कामगार सुरक्षा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी, ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली होती. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि जीव गेले, म्हणून बोटीत किती जण बसणार हे बोट चालवणाऱ्यानंच ठरवायचं, काठावरच्या गर्दीनं नाही, आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणालाच घ्यायचं नाही.

पण सगळ्यांचं लक्ष बोटीकडं असतं आणि निम्मा धोका तर पाणी उतरल्यावर सुरू होतो. गाळात गटाराचं पाणी, मेलेली जनावरं, काचा, साप सगळंच असतं. गमबूट दिले म्हणजे झालं असं नाही, बुटात वरून पाणी शिरतं, दिवसभर पाय भिजून पांढरे पडतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि त्याच भेगांतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू आत जातात (हा आजार उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येतो). म्हणून मधल्या सुट्टीत बूट काढून पाय धुऊन कोरडे करायला जागा आणि वेळ दोन्ही पाहिजे. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, धनुर्वाताचं इंजेक्शनही. लेप्टोचा ताप यायला दोन दिवसांपासून महिनाभरही लागू शकतो, त्यामुळे पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर 'मी पुरात काम केलंय' हे डॉक्टरला आवर्जून सांगावं.

वायरमनचं वेगळंच. फीडर (त्या भागाला वीज देणारी मुख्य लाइन) बंद, काम करायचं परमिट हातात, तरी कुणीतरी घरात जनरेटर लावलेला असतो आणि चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइनीला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा) नसेल तर करंट उलटा लाइनीवर येतो. म्हणून तारेत करंट नाही हे टेस्ट करून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय (तार जमिनीला जोडल्याशिवाय) हात लावायचा नाही, खाली लोक कितीही ओरडू देत.

गोळ्या, बूट, इंजेक्शन हे सगळं हजेरीच्या यादीवरून वाटलं जातं, त्यामुळे ठेकेदाराकडचे आणि बाहेरगावाहून गाळ काढायला आणलेले कामगार पहिल्याच दिवशी त्या यादीत आले पाहिजेत.