फोटो राहतात, बदल हरवतात : फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या निवडीमागची पार्श्वभूमी

फोटो पाहण्याचं आणि सुधारण्याचं पिकासा हे सॉफ्टवेअर अनेक घरांतल्या कॉम्प्युटरवर होतं. गूगलने २००४ मध्ये ते विकत घेतलं आणि फुकट वाटलं. त्यात फोटो क्रॉप केला किंवा उजळ केला, तरी मूळ जेपेग तसाच राहायचा. केलेला बदल त्या फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाइलीत नोंदला जायचा. 'सेव्ह' दाबलं तरच बदल फोटोत उतरायचा आणि मूळ प्रत वेगळ्या लपलेल्या फोल्डरमध्ये जायची. २०१६ मध्ये पिकासा बंद झालं. नुसते फोटो निवडून नव्या कॉम्प्युटरवर नेले, तर नोंदींची फाइल मागेच राहायची. ती सोबत आली तरी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हती. फोटो सगळे जागेवर असायचे, पण त्यांवरचं काम गेलेलं असायचं.

हौशी फोटोग्राफरने सॉफ्टवेअर निवडताना हे आधी लक्षात घ्यावं. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये किती फिल्टर आहेत हा प्रश्न नंतरचा. आपले बदल कुठे साठतात आणि ते आणखी कोणाला वाचता येतात, हा पहिला.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर राखाडी छटांची चित्रं दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सिनेमाच्या स्पेशल इफेक्टमध्ये काम करणारे त्यांचे भाऊ जॉन यांनी तो वाढवायला मदत केली. त्यातूनच फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीचं फोटोशॉप १.० आलं, तेही फक्त मॅकसाठी. त्या काळी बदल म्हणजे थेट पिक्सेलवर घाला. सेव्ह करून फाइल बंद केली की आधीचा रंग कायमचा गेला. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि १९९६ मध्ये ॲडजस्टमेंट लेयर आले, तेव्हा मूळ चित्राला हात न लावता वर बदलांचा थर चढवता येऊ लागला.

फोटोशॉप घडलं ते छपाई आणि डिझाइनच्या गरजांतून. आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओंमध्येही ते रुळलं, कारण १२ बाय ३६ इंची अल्बमची पानं जुळवायला फोटोशॉपच्या लेयरवाल्या पीएसडी फाइल लागतात. स्टुडिओत दिसतं म्हणून हौशी माणूसही तेच शिकायला घेतो. पण सहलीहून आणलेल्या ४०० फोटोंतून ४० निवडून नीट करायचे, तर एकेक फाइल उघडणारं हे हत्यार सोयीचं नाही.

खरी कलाटणी रॉ फाइलने, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीने, दिली. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सेन्सरची नोंद सरळ प्रमाणात होत असल्यामुळे सर्वांत उजळ एका स्टॉपलाच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) त्यांतल्या ८,१९२ पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, आणि असं निम्मं निम्मं होत जातं. संध्याकाळचं आभाळ दोन स्टॉप कमी उजेडात टिपलं आणि नंतर जेपेग उजळ केला, की निळ्याचे पट्टे पडतात, कारण मधल्या पायऱ्या त्या फाइलीत नसतातच. रॉमध्ये त्या पुष्कळ उरलेल्या असतात.

अडचण अशी की प्रत्येक कंपनीची रॉ फाइल वेगळी, निकॉनची एनईएफ वेगळी, कॅननची सीआर२ वेगळी, आणि त्यांची रचना कंपन्या सहसा उघड करत नाहीत. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून डीसीरॉ हा खुला प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि एकेका कॅमेऱ्याची फाइल उलगडत नेली. आज फुकट मिळणाऱ्या अनेक रॉ सॉफ्टवेअरचा पाया त्या कामावर उभा आहे. हौशी जगाने त्याची पुरेशी दखल घेतली नाही, असं आमचं मत आहे. अडोबीचा कॅमेरा रॉ २००३ मध्ये आला. पुढच्या वर्षी अडोबीनेच डीएनजी हा सर्वांसाठी खुला रॉ फॉरमॅट मांडला.

२००५ मध्ये ॲपलने ॲपर्चर आणलं, किंमत ४९९ डॉलर. फेब्रुवारी २००७ मध्ये अडोबीचं लाइटरूम १.० आलं. निवड, वर्गवारी आणि एडिटिंग एकाच ठिकाणी करायचं, मूळ रॉला कधीच हात लावायचा नाही, स्लायडरचे आकडे तेवढे कॅटलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत, लिहायचे, ही दोघांची पद्धत. ती उत्तमच आहे. पण आकड्यांना अर्थ असतो तो त्या सॉफ्टवेअरच्या गणितातच. एकातलं 'शॅडो +३०' दुसऱ्यात जसंच्या तसं करता येत नाही. लाइटरूम ४ ने २०१२ मध्ये स्वतःचंच गणित बदललं, तेव्हा जुन्या फोटोंसाठी जुनं गणितही आत जपून ठेवावं लागलं.

२०१४ मध्ये ॲपलने ॲपर्चरचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. लाइटरूममध्ये स्थलांतर करणाऱ्यांचे फोटो, कीवर्ड आणि रेटिंग आले. रंग-प्रकाशाचे बदल आले नाहीत.

दुसरा धक्का २०१३ चा. अडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या एकदाच पैसे भरून विकणं थांबवलं आणि वर्गणी सुरू केली. लाइटरूम ६ (२०१५) ही कायमच्या परवान्याची शेवटची आवृत्ती. तिचं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ मध्ये आलं. त्यानंतरच्या कॅमेऱ्याची रॉ तिच्यात उघडत नाही. त्यावर उपाय म्हणजे अडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर. त्याच्या सेटिंगमध्ये सुसंगततेसाठी जुनी आवृत्ती निवडून रॉची डीएनजी करायची. आजच्या लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबवली तर फोटो पाहता आणि एक्स्पोर्ट करता येतात, पण एडिटिंगचा डेव्हलप विभाग बंद होतो.

म्हणून वर्गणी चालू असतानाच कॅटलॉग सेटिंगमध्ये 'बदल आपोआप एक्सएमपीत लिहा' हा पर्याय चालू करून ठेवावा. मग प्रत्येक रॉशेजारी एक्सएमपी नावाची एक लहान मजकूर-फाइल तयार होते. तिच्यात स्लायडर, कीवर्ड आणि रेटिंग येतात. व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटिंगच्या नोंदी), कलेक्शन आणि हिस्टरी मात्र कॅटलॉगमध्येच राहतात. सॉफ्टवेअर सोडणार असाल तर आवडते फोटो, बदल उतरवून, आधी १६ बिट टिफ या फॉरमॅटमध्ये काढून घ्या. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो दाबून लहान न करता सुमारे १४४ एमबी होतो, त्यामुळे सगळे नव्हे, निवडकच काढावेत.

खुल्या सॉफ्टवेअरची वाट समांतर चालली होती. फोटोशॉपसारखं फुकट गिंप १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, पण एका रंगाला ८ बिटांची मर्यादा सुटायला २०१८ ची २.१० आवृत्ती यावी लागली. 'गिंपमध्ये आभाळ फाटतं', म्हणजे त्यात पट्टे पडतात, ही जुनी तक्रार तिथली होती, आता ती लागू नाही. फिल्टर नंतर बदलता येण्याची सोय २०२५ च्या ३.० मध्ये आली. रॉसाठी डार्कटेबल (२००९ पासून) आणि २०१० मध्ये खुलं झालेलं रॉथेरपी आहेत. डार्कटेबलमध्ये पहिल्यांदा फोटो उघडला की तो फिका दिसतो आणि अनेकजण तिथेच सोडून देतात. फाइल बिघडलेली नसते. कॅमेऱ्याने स्वतःच्या जेपेगवर चढवलेला कॉन्ट्रास्ट रॉमध्ये नसतो, म्हणून तसं दिसतं. आधी एक्स्पोजर वाढवून मधल्या छटा जागेवर आणा, मग फिल्मिक किंवा सिग्मॉइड या मॉड्यूलमध्ये कॉन्ट्रास्ट ठरवा.

डार्कटेबलही शेजारी एक्सएमपी लिहितं, पण नावात रॉचं एक्स्टेन्शन ठेवून, त्यामुळे लाइटरूमच्या फाइलीवर ती चढत नाही. लाइटरूमच्या एक्सएमपीतून डार्कटेबल क्रॉप, एक्स्पोजर, टॅग आणि रेटिंग अशा ठरावीक गोष्टी घेतं. बाकीचं नव्याने करावं लागतं. आधी दहा फोटोंवर ही अदलाबदल करून पाहावी आणि मगच हजारोंच्या संग्रहाला हात घालावा.