भेटीची बाटली : परमिट, मळी आणि सिंगल माल्ट

मुंबईत कुणाला व्हिस्कीची बाटली भेट द्यायची तर कागदोपत्री दोन परवाने लागतात. एक विकत घेणाऱ्याचा, दुसरा ती घरी ठेवून पिणाऱ्याचा. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, आजीवन हजारात, आणि वय पंचवीस पूर्ण हवं. दुकानदाराने ती चिठ्ठी फाडून दिलीच, तर ती कुणी वाचत नाही, सरळ पिशवीत जाते. वाचण्यासारखी मात्र आहे. कुठली बाटली 'देण्यासारखी' आणि कुठली आपली आपण गुपचूप संपवायची, हे आपल्याकडे जिभेने फार कमी ठरवलं. ते ठरवलं दारूबंदीने, जकातीने आणि साखर कारखान्यांनी.

मुंबई शहरात पहिली दारूबंदी आली १ ऑगस्ट १९३९ रोजी. बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि खातं होतं डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे. गिल्डर स्वतः पारशी आणि नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. ताडी-दारूच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेला पारशी समाज त्यांच्यावर किती चिडला असेल याची कल्पना करावी. ते मंत्रिमंडळ काही महिन्यांतच महायुद्धाच्या प्रश्नावर पायउतार झालं आणि बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मात्र मुंबई दारूबंदी कायदा १९४९ आला आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी लागू झाली. एफ. एन. बलसारा यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारू असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरता कायदा सैल केला, बाकीचा बहुतेक उचलून धरला. तोच कायदा, बऱ्याच दुरुस्त्यांसह, महाराष्ट्रात आजही चालू आहे. साठच्या दशकात परवाने देणं सोपं केलं गेलं, पण बंदी मुळातून उठवली गेली नाही. 'परमिट रूम'ची पाटी त्या काळाचीच.

बंदीने पिणं थांबलं नाही. गूळ, सडकी फळं आणि नवसागर यांची हातभट्टी वस्त्यांत पोचली, वांद्रे-धोबीतलावकडे आंटींचे अड्डे चालू लागले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची सोय समुद्रमार्गे झाली. गोवा आणि दमण डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. लोहखनिजाच्या पैशावर गोव्याच्या बाजारात परदेशी माल मुबलक होता, स्कॉचही. तिथून ती रात्रीच्या होडीने किंवा घाटरस्त्याने इकडे येई. पुढे चोरबाजारातला 'कस्टमचा माल' आला, सत्तरीनंतर आखातात नोकरीला गेलेला भाऊ किंवा मेहुणा आला. विमानतळावरून येताना दोन बाटल्या. एक घरची, एक साहेबांची. बदली, बढती, मुलाचा कॉलेजप्रवेश, अडकलेला नकाशा मंजूर करून घेणं, या सगळ्यांत ती दुसरी बाटली कामाला आली. रिकामी झाल्यावरही तिचा मान जात नसे. कितीतरी मराठी घरांत तिच्यात मनी प्लँट लागला. आणि जी फेकली जाई ती भंगारवाल्याकडून पुन्हा भरली जाऊन बाजारात येई. जाणकार माणूस रिकाम्या बाटलीचं लेबल खरवडून मगच टाकत असे.

आता, ही जी स्कॉच इतकी दुर्मिळ आणि म्हणून इतकी मोठी, ती होती काय? जवळजवळ नेहमी ब्लेंडेड, म्हणजे मिश्रण. किल्मार्नॉक गावात १८२० मध्ये जॉन वॉकरने किराणा दुकान टाकलं. त्या काळातली माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, व्हिस्की एका पिंपातून दुसऱ्या पिंपात गेली की चव बदलणारी, बेभरवशाची. १८३० च्या सुमारास ईनिअस कॉफीच्या अखंड चालणाऱ्या भट्टीने धान्यापासून स्वस्त, सौम्य स्पिरिट काढणं सोपं केलं. १८६० च्या ब्रिटिश कायद्याने माल्ट आणि धान्याची व्हिस्की मिसळण्याची वाट मोकळी केली. वॉकरसारख्या किराणादारांना चहा मिसळण्याचा हात होताच, तोच त्यांनी इथे वापरला. पुढे फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाल्या, ब्रँडीचा तुटवडा झाला आणि इंग्रज साहेबाच्या पेल्यात सोड्याबरोबर व्हिस्की आली. साहेब जिथे गेला तिथे बाटली गेली. रेड लेबल आणि ब्लॅक लेबल ही नावं १९०९ ची. ब्लॅक लेबलवरचा '१२' म्हणजे मिश्रणातला सगळ्यांत तरुण थेंबही किमान बारा वर्षं पिंपात होता. त्यावरून आपल्याकडे आकडा मोठा तितकी व्हिस्की चांगली असा ठाम समज बसला. स्कॉटलंडपुरता तो बराचसा चालून जातो. आपल्या हवेत तो का चालत नाही, ते पुढे.

देशात व्हिस्की बनत नव्हती असं नाही. एडवर्ड डायरने १८५५ मध्ये कसौलीला ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणाऱ्या डायरचा हा बाप. तोच कारखाना पुढे मोहन मीकिन झाला आणि तिथली सोलन व्हिस्की सैन्यातल्या माणसांच्या ओळखीची. पण स्वातंत्र्यानंतर जी व्हिस्की देशभर पसरली तिचा कच्चा माल जव किंवा गहू नव्हता. तो होता मळी. साखर काढून उरलेला काळा, दाट पाक. धान्याची टंचाई असलेल्या देशात धान्यापासून दारू गाळणं राजकीयदृष्ट्या अवघड होतं, आणि प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीमुळे महाराष्ट्रात मळी अमाप होती. तिच्यापासून अतिशुद्ध, जवळजवळ बेचव अल्कोहोल काढायचं, त्यात रंगासाठी कॅरॅमल, वासासाठी अर्क किंवा थोडी माल्ट व्हिस्की घालायची, पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर आणायची, झाली व्हिस्की. युरोपीय संघाच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे तिकडे आपल्या लोकप्रिय ब्रँडांना त्या नावाने विकताच येईना. खरं तर ती रमची सावत्र बहीण. १९९५ मध्ये सीग्रॅमने धान्याच्या स्पिरिटवर रॉयल स्टॅग आणली तेव्हा चित्र बदलायला लागलं.

आपली पिण्याची पद्धत या मळीतून आली, असं माझं मत आहे. भरपूर सोडा, भरपूर बर्फ, सोबत झणझणीत चखणा: तिखट शेंगदाणे, चकली, शेव. ज्या पेयाला स्वतःची चव फारशी नाही आणि घशाला ओरखडे काढायची सवय आहे, त्याच्याशी असंच वागावं लागतं. अडचण एवढीच की पाहुण्याने आठ हजारांचा सिंगल माल्ट आणला तरी हात सवयीने सोड्याच्या बाटलीकडेच जातो. तो गुन्हा नाही. पण निदान पहिले दोन घोट नुसते, किंवा चमचाभर साध्या पाण्यासोबत घ्यावेत. बर्फाने वास बसतो, आणि माल्टमध्ये पैसे मोजलेले असतात ते वासाचेच. तिखट शेवही तेवढ्यापुरती बाजूला. बदाम, खारे काजू चालतील.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यांत गाळलेली व्हिस्की. स्कॉटलंडमध्येही ती बाटलीबंद स्वरूपात जगभर जोर लावून विकणं सुरू झालं ते १९६३ च्या सुमारास, ग्लेनफिडिककडून. त्याआधी माल्ट प्रामुख्याने मिश्रणासाठी. भारतातही तसंच झालं. मॅकडोवेल्सचा एक सिंगल माल्ट गोव्यात फोंड्याला बनत होता, पण त्याचं फारसं नाव झालं नाही. नाव झालं बंगळुरूच्या अमृतचं.

अमृत डिस्टिलरीज १९४८ मध्ये जे. एन. राधाकृष्ण राव जगदाळे यांनी काढली. आडनाव मराठी वळणाचं, उद्योग कर्नाटकातला. सैन्याच्या कँटीनला रम, बाजाराला ब्रँडी आणि स्वस्त व्हिस्की असा त्यांचा अनेक वर्षांचा धंदा. ऐंशीच्या दशकापासून ते जवाची माल्ट व्हिस्की गाळत होते, पण आपल्याच ब्लेंडमध्ये घालायला. राधाकृष्ण रावांचे पुत्र नीलकंठ राव यांच्या काळात ही माल्ट पिंपांत जरा जास्त दिवस राहिली आणि आपल्या हाताशी काहीतरी वेगळं आलंय हे घरच्यांच्या लक्षात आलं. नीलकंठ रावांचा मुलगा रक्षित तेव्हा इंग्लंडात न्यूकॅसलला शिकत होता. अभ्यासाचा प्रकल्प म्हणून त्याला विषय दिला गेला तो हाच: ब्रिटनमधल्या भारतीय रेस्टॉरंटांत भारतीय सिंगल माल्ट विकता येईल का? ग्लासगोत नाव झाकून चाखायला दिल्यावर लोकांनी ती स्कॉटलंडचीच समजली. मग २४ ऑगस्ट २००४ रोजी ग्लासगोतल्याच एका भारतीय रेस्टॉरंटात ती बाजारात आणली गेली. स्कॉचच्या घरात शिरून व्हिस्की विकण्याचं हे धाडस होतं आणि सुरुवातीची काही वर्षं तोट्यातच गेली; दुकानदार बाटली हातात घ्यायलाही तयार नसत. कलाटणी मिळाली जिम मरे या ब्रिटिश समीक्षकामुळे. २०१० च्या आपल्या मार्गदर्शिकेत त्याने अमृत फ्यूजनला शंभरपैकी ९७ गुण आणि जगात तिसरा क्रमांक दिला. फ्यूजनमध्ये भारतीय जव आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेला स्कॉटिश जव एकत्र येतात. ब्रिटनमध्ये आधी विकली गेलेली ही माल्ट बंगळुरूच्या दुकानांत आली ती त्याच वर्षी. आपल्याकडचं आपल्याला परदेशातून शिक्का मारून आलेलं लागतं, ते असं.

आता त्या आकड्याकडे. ओकच्या पिंपात व्हिस्की श्वास घेते आणि उडते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोनेक टक्के, म्हणजे बारा वर्षांत साधारण पाचवा हिस्सा. बंगळुरूत वर्षाला दहा ते बारा टक्के. पाच वर्षांत पीप जवळजवळ अर्धं रिकामं. उष्णतेने लाकूड आणि दारू यांची देवाणघेवाणही भराभर होते. चार-पाच वर्षांची भारतीय माल्ट म्हणूनच पोरसवदा लागत नाही, आणि बारा वर्षं ठेवलीच तर विकायला उरते किती आणि तिला लाकडाचा कडूपणा किती चढतो, हा प्रश्न पडतो. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षांची व्हिस्की काढली तिचं नाव ग्रीडी एंजल्स ठेवलं. उडून जाणाऱ्या भागाला त्या धंद्यात देवदूतांचा वाटा म्हणतात. तेव्हा भारतीय बाटलीवर वय दिसलं नाही म्हणून ती नाकारू नये. वयाऐवजी पीप कुठलं ते पाहावं. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीला नवं, आतून जाळलेलं ओकचं पीपच वापरावं लागतं, म्हणून जुनी पिंपं जगभर स्वस्तात जातात; त्यांतून व्हॅनिला, मध, खोबऱ्याकडे झुकणारा गोडवा येतो. शेरी वाइनच्या पिंपातून मनुका, अंजीर, सुक्या मेव्याचा. ज्याला काय आवडतं हे ठाऊक नाही त्याला पहिल्या भेटीला धुराचा माल्ट देऊ नये, कितीही महाग असला तरी. आयोडीनचा वास आला म्हणून बाटली कपाटात पडून राहिल्याची उदाहरणं घरोघरी सापडतील.

गोव्याने दुसरं मोठं नाव दिलं. जॉन डिस्टिलरीजची पॉल जॉन ही माल्ट कुंकळ्ळीला बनते आणि २०१२ मध्ये तीही आधी ब्रिटनमध्येच, लंडनला उतरली. किनाऱ्याजवळची दमट हवा, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेला भारतीय जव, बर्बनची पिंपं. एडिटेड या बाटलीत धूर नावाला आहे, बोल्डमध्ये भरपूर. महाराष्ट्रातल्या पाहुण्याला यात एक गंमत आहे: कुंकळ्ळीतली बाटली गोव्यात करामुळे खूप स्वस्त मिळते, पण तीच गाडीत घालून सावंतवाडीकडे आणली की इन्सुलीच्या नाक्यावर ती 'गोवा बनावटीची दारू' होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जप्तीची बातमी. भेट म्हणून द्यायची असेल तर इकडचीच, इकडचा कर भरलेली घ्यावी.

उत्तरेत रामपूर २०१६ मध्ये आली, मग हरियाणातली इंद्री २०२१ मध्ये. इंद्रीच्या दिवाळी आवृत्तीला २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका स्पर्धेत 'बेस्ट इन शो' मिळालं आणि दिवाळीच्या भेटीत देशी माल्ट द्यायला लोक लाजेनासे झाले. त्याच वर्षी नाशिकजवळच्या दिंडोरीत बनलेली लाँगिट्यूड ७७ पेर्नो रिकारने आणली. त्याच कंपनीचा मोठा माल्ट प्रकल्प नागपूरजवळ बुटीबोरीला घोषित झाला आहे. द्राक्षांच्या तालुक्यातून माल्ट निघावी यात विसंगती वाटेल, पण तिथे भट्ट्या आधीपासूनच होत्या.

स्कॉचचा भाव मात्र अजून मंत्रालयात आणि दिल्लीत ठरतो. आयातीवरची बंधनं २००१ मध्ये उठली, पण जकात पुढे बरीच वर्षं १५० टक्के होती. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा दिल्लीहून, गुरुग्रामहून बाटल्या मागवणारे मुंबईकर पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ लागले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी सही झालेल्या करारात जकात आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के करायचं ठरलं. राज्याचं शुल्क त्यावर बसणारच, त्यामुळे दुकानात भाव निम्मे होतील अशी आशा धरू नये. दुकानदार 'बीआयओ' म्हणतो ती परदेशातच भरलेली बाटली आणि 'बीआयआय' म्हणजे पिंपातून आणून इथे भरलेली. टीचर्स, हंड्रेड पायपर्स या दुसऱ्या प्रकारातल्या. आत स्कॉचच असते, भाव बराच कमी. चारचौघांत सोडा घालून उघडायची असेल तर हीच घ्यावी. चाखत बसणाऱ्या एकट्यासाठी तेवढ्याच पैशांत, किंवा थोडे अधिक घालून, देशी माल्ट. सासऱ्यांसाठी मात्र अजून ब्लॅक लेबलच. तिथे चवीचा प्रश्न नसतो.