लव्हाळा (हिरवळीतील तण)

हरळीच्या किंवा कोरियन गवताच्या हिरवळीत शिरून ती विरळ करणारे बारमाही तण. शास्त्रीय नाव सायपरस रोटुंडस, कुल सायपरेसी. मोथा, नागरमोथा ही याचीच नावे. याच्या सुवासिक कंदाची पूड दिवाळीच्या उटण्यात पडते. हे तण ९० हून अधिक देशांत पसरले असून जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांमध्ये त्याची गणना होते.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात. पानेही तीन रांगांत येतात. ही ओळख आधी पटवावी, कारण गवतवर्गीय तणांसाठीची औषधे याच्यावर वाया जातात.

त्याचे बळ जमिनीखाली असते. बुडाच्या गाठीतून आडवी खोडे धावतात आणि त्यांवर मण्यांच्या माळेसारखे कंद धरतात. बहुतेक कंद वरच्या १५ सेंमी. मातीत सापडतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाचा कोंब इतर डोळ्यांना दाबून ठेवतो. माळ तुटली की निजलेले कंद एकेक करून फुटतात. म्हणूनच हाताने उपटलेला लव्हाळा आठवड्याभरात पुन्हा दिसतो, तोही जास्त जागी. माळ्याचा यात दोष नसतो.

हिरवळीत खुरपणी करायची तर वाफशावर (माती ओलसर, पण चिकट नसताना), अरुंद खुरप्याने, कंदासकट. कोंब दिसल्यापासून पंधरा दिवसांच्या आत तो काढावा. पुढे नवे कंद धरू लागतात. प्रत्येक नव्या कोंबासाठी कंदातला साठा खर्च होतो, त्यामुळे पावसाळाभर खंड न पाडता खुरपणी केली तर तो थकतो. मध्येच सोडली तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. हिरवळ फार खुजी कापण्याची हौस त्यालाच ऊन मिळवून देते. दाट, थोडी उंच राखलेली हिरवळ त्याला दडपते.

उसात लव्हाळ्यासाठी वापरले जाणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक हरळीला सहसा इजा करत नाही. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र हिरवळही जाळते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला.

खरी संधी हिरवळ लावण्यापूर्वीच असते. एप्रिल-मेमध्ये जमीन खणून उलटवली की उघडे पडलेले कंद उन्हात सुकून मरतात. प्लॅस्टिक अंथरून भागत नाही, कारण टोकदार कोंब ते भोसकून वर येतात. विकतची लाल माती, शेणखत आणि हिरवळीचे तयार गालिचे यांतून कंद बागेत येतात. ते चाळून, निरखून घ्यावेत.

खणून काढलेले कंद खतखड्ड्यात टाकू नयेत. फरशीवर पसरून, आतपर्यंत कोरडे ठणठणीत झाल्यावरच फेकावेत.