कोल्हापूरचं 'कोलापोर' आणि अर्विनचं 'आयर्विन'

इंग्लंडात बिस्लीच्या मैदानावर नेमबाजीचा एक जुना करंडक लढवला जातो. त्याचं नाव कोलापोर कप. हे आपलंच कोल्हापूर. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 साली विलायतेला गेले होते. कोल्हापूरच्या राजाने दिलेल्या या करंडकाची स्पर्धा 1871 पासून सुरू झाली. महाराज मात्र परत आलेच नाहीत. वाटेत फ्लॉरेन्समध्ये 30 नोव्हेंबर 1870 रोजी, ऐन विशीत, त्यांचं निधन झालं. तिथल्या लोकांनी नावाशी झटापट केलीच नाही. त्यांच्या स्मारकाला आणि पुढे शेजारी झालेल्या पुलाला ते नुसतं 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे भारतीय.

'ल्ह' हा आवाज इंग्रजीत नाही, म्हणून साहेबाच्या तोंडून तो गळाला. घाईत आपणही 'कोलापूर'च म्हणतो की!

आता उलटा प्रवास बघा. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा. ज्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं, त्यांच्या नावाचा इंग्रजी उच्चार 'अर्विन'. आपण पहिलं अक्षर 'आय' दिसलं तसं वाचलं. हे नाव डोळ्यांनी आलं, पाटीवरून आणि वर्तमानपत्रातून. त्याच्या शंभरेक वर्षं आधी नावं कानांनी यायची. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, असलेला एल्फिन्स्टन मराठीत 'अलपिष्टन' झाला, तो ऐकलं तसं लिहिल्यामुळे. त्यातला 'ष्ट' फार बोलका आहे. 'ट'च्या आधी आला की 'स'चा 'ष' होतो, हा संस्कृतातला नियम मराठी हातात मुरलेला होता. ष्टेशन, माष्टर, पिष्टन हे त्याच घडणीचे. शब्द कानाने आला की डोळ्याने, एवढं शोधलं तर उच्चारांची बरीचशी कोडी सुटतात, असं माझं मत आहे.

लिपीचाही यात हात आहे. 'ॲ'साठी चिन्ह रुळलं नव्हतं तेव्हा आपण ब्यांक, क्याप्टन असं छापत होतो. मग अर्धचंद्र आला, आणि 2009 च्या शासन निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' रीतसर वर्णमालेत बसले. हिंदीत मात्र अजून 'बैंक'च. राणीचं नाव घ्या: मराठीत व्हिक्टोरिया, हिंदीत विक्टोरिया, बंगालीत भिक्टोरिया. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, वारा घासत काढायचा तो आवाज तिघांच्याही घरचा नाही. ज्याने त्याने आपल्याजवळचा त्यातल्या त्यात सारखा आवाज पुढे केला. मराठीने 'व्ह' निवडला आणि इंग्रजीतली व्ही आणि डब्ल्यू ही दोन अक्षरं वेगळी राखली. व्हिक्टोरियाचा 'व्ह' निराळा, विल्सनचा 'व' निराळा. मला ही योजना फार देखणी वाटते.

'डॉक्टर'मधला शेवटचा 'र' आपण ठणठणीत म्हणतो, त्यावरून अनेकांना टोकलं जातं. पण तो 'र' लंडनकडे विरला, तोच मुळी अठराव्या शतकाच्या अखेरीस. स्कॉटलंडात आणि अमेरिका-कॅनडाच्या बहुतेक भागात तो टिकून आहे. आपल्याकडे आलेले एल्फिन्स्टन आणि मुंबईचे गव्हर्नर माल्कम स्कॉटिश होते, आणि मिरजेत 1894 साली मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वानलेस कॅनडाचे. आपल्या कानांवर पडलेली इंग्रजी कधीच एका गावची नव्हती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका शेडमध्ये मी मध्यंतरी उभा होतो. म्हाताऱ्या मिस्त्रींनी हात मागे केला, "आरं, त्यो वायसर दे की हिकडं." नुकताच डिप्लोमा करून आलेला पोरगा क्षणभर घुटमळला आणि मग त्याने वॉशर उचलून दिला. 'वायसर' कानाने आलेला, 'वॉशर' पुस्तकातून. पण ज्या यंत्रापाशी दोघं उभे होते, त्याला दोघंही 'लेथ'च म्हणत होते. इंग्लंडात या शब्दाच्या शेवटी 'द'च्या जवळचा आवाज येतो. आपण टी आणि एच दिसले की 'थ' म्हणून मोकळे होतो.

संध्याकाळी त्या पोराने दुकानातून आणायच्या सामानाची चिठ्ठी केली. पहिलीच ओळ होती: वायसर, 10 नग.