खाणभूमी-पुनरुद्धार (उघड्या कोळसा खाणी)

उघड्या खाणीतून कोळसा काढताना मोडलेली जमीन पुन्हा भरणे, तिला टिकाऊ उतार देणे, वर माती चढवून झाडोरा जगवणे आणि या काळात हवा, पाणी व जमीन यांची ठरावीक अंतराने मोजणी करणे, या साऱ्या कामांना मिळून दिलेले नाव. महाराष्ट्रात अशा खाणी मुख्यतः वर्धा खोऱ्यात (चंद्रपूर व यवतमाळ जिल्हे) आणि नागपूर जिल्ह्यातील उमरेड-कामठी भागात आहेत. त्यांतील बहुतेक १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीकडे आहेत.

संज्ञेबद्दल एकवाक्यता नाही. ‘पुनर्वसन’ हा शब्द मराठीत धरणग्रस्त व प्रकल्पग्रस्त माणसांशी इतका घट्ट जोडलेला आहे की जमिनीसाठी वापरला तर घोटाळा होतो. ‘पुनःस्थापन’ म्हणजे मूळची परिसंस्था जशीच्या तशी परत आणणे. कोळशाच्या खाणीत ते जवळजवळ अशक्य, कारण तेथे खडकांचा क्रमच उलटापालटा होतो. म्हणून येथे ‘पुनरुद्धार’ हा मर्यादित अर्थाचा शब्द स्वीकारला आहे. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात जमिनीचा मूळ चढउतार शक्य तितका परत आणण्याची अट आहे. भारतात भर आहे तो खणून टाकलेल्या खडक-मातीच्या ढिगाऱ्याच्या स्थैर्यावर व लागवडीवर.

वर्धा खोऱ्यातील कोळसा ‘बाराकार’ नावाच्या खडकस्तरांत सापडतो. त्यावर कामठी वालुकाश्म, काही ठिकाणी लॅमेटा स्तर व दख्खनचा बेसाल्ट, आणि सर्वांत वर काळी कपाशीची माती असते. कामठी स्तर पूर्वी ट्रायासिक या भूशास्त्रीय कालखंडातले मानण्याकडे कल होता. ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या जीवाश्मांमुळे त्यांचा निदान खालचा भाग त्याआधीच्या पर्मियन कालखंडाच्या उत्तरार्धातला धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुनरुद्धाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हाच वालुकाश्म या भागातील मोठा जलधर (भूजल साठवणारा खडक) आहे, आणि ढिगाऱ्यांतही बराचसा तोच असतो. नागपूर जिल्ह्यातील गोंडेगाव येथे कोळशावरच्या या खडकातून वाळू वेगळी काढली जाते.

कोळशावरच्या या खडक-मातीला अधिभार म्हणतात. खाणीत मात्र सगळे ‘ओबी’च (ओव्हरबर्डन) म्हणतात. पहिल्या कापाचा अधिभार खाणीबाहेर टाकावा लागतो. पुढे रिकाम्या झालेल्या भागात अंतर्गत भरण सुरू होते. खणलेला खडक सैल होऊन फुगत असल्याने बाहेरचे ढिगारे डोंगराएवढे होतात. एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवावा, अशी पर्यावरण मंजुरीतील नेहमीची अट असते. काळ्या मातीच्या पायावर ढिगारा रचणे जोखमीचे, कारण पाणी मुरले की ती फुगते व निसरडी होते. झारखंडमधील राजमहाल खाणीत डिसेंबर २०१६ मध्ये ढिगारा कोसळून २३ कामगार मरण पावले. ढिगाऱ्याची रचना हा निव्वळ हिरवळीचा प्रश्न नाही, ते याहून स्पष्ट करण्याची गरज नाही.

सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे वरची माती. ती वेगळी काढून रचतात. पण उंच ढिगात काही पावसाळे पडून राहिली की आतले बीज व मुळांशी राहणारी बुरशी मरू लागते, आणि पसरताना हाती येतात ती नुसती ढेकळे. नागपूरच्या ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेतील आशा जुवारकर व सहकाऱ्यांनी कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावर हेक्टरी ५० टन सांडपाणी-गाळ, जिवाणू खते व मुळांवरची बुरशी घालून लागवड केली (प्रसिद्धी २००८). जे जिवाणू-गट तेथे जवळपास नव्हतेच, ते वाढल्याचे आढळले. कोणती झाडे लावावीत, याविषयी दोन मते आहेत. ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ लवकर सावली धरतात. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सिंगरौली (मध्य प्रदेशातील कोळसा क्षेत्र) येथील अभ्यासांत शिरिषासारख्या देशी द्विदल वृक्षांखाली माती चांगली सुधारल्याचे दिसते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चंद्रपूरजवळच्या जुन्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ आपोआप माजली असून तिच्या आडोशाला बिबटे व वाघही वावरतात. दुर्गापूरसारख्या वस्तीला हा रोजचा धोका आहे.

हवेतील धूळ मोजण्यासाठी नमुना-यंत्रात पांढरा तंतुकागद आधी व नंतर तोलतात. वाहतुकीच्या रस्त्यालगतचा कागद एका पाळीत राखाडी होतो. राष्ट्रीय मानकाप्रमाणे (२००९) पीएम-१० ची (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक धूलिकणांची) २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. कोळसा खाणींसाठी २००० साली वेगळी, बरीच सैल मर्यादा ठरली. खाणीतून सोडलेल्या पाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ९ व निलंबित घन (पाण्यात तरंगणारे कण) लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत असावा लागतो. आसपासच्या विहिरींची पातळी साधारणतः मे, ऑगस्ट, नोव्हेंबर व जानेवारीत मोजतात. एकूण प्रदूषणाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत चौथे होते.

२००८ पासून रांचीची ‘सीएमपीडीआय’ ही कोल इंडियाची खाण-नियोजन संस्था उपग्रहचित्रांवरून पुनरुद्धार तपासते : कोळसा व अधिभार मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरांहून अधिक काम असलेल्या खाणी दरवर्षी, बाकीच्या तीन वर्षांतून एकदा. चित्रात पानांचे छत्र दिसते, खालचा सेंद्रिय कर्ब व नत्र दिसत नाही. म्हणून मातीपरीक्षणाला पर्याय नाही. खाणबंदीसाठी २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये राखीव खात्यात ठेवणे बंधनकारक केले. शेवटच्या खड्ड्यात पाणी साठून तळे होते. कडे उभे असल्याने तेथे कुंपण व उतरायला सोपी वाट लागते, नाहीतर पाण्याला आलेले गुरही परत चढू शकत नाही.