2.41 चा एक्सल: अमेरिकी गाड्यांचा पिकअप कुठे गेला?

1960 च्या दशकात अमेरिकेत नवी गाडी बुक करताना गिऱ्हाईक मागच्या एक्सलचा रेशोही, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती फेऱ्या फिरतो तो आकडाही, निवडत असे. शर्यतीचा शौक असणारे 4.10 किंवा 4.56 मागत, लांबच्या प्रवासाला निघणारे 3.08 च्या खालचा. एक्सलमधल्या पिनियनला (शाफ्टवरच्या लहान गिअरला) 10 दाते आणि क्राउनला (त्याने फिरणाऱ्या मोठ्या गिअरला) 41, म्हणजे 4.10. साधारण 26 इंच व्यासाच्या टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी 60 मैलांना, म्हणजे 96 किलोमीटरला, 4.10 वाल्या गाडीचं इंजिन मिनिटाला 3,200 फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि 2.41 वाल्याचं 1,900 च्या आसपास. कमी फेऱ्यांत घर्षण कमी. शिवाय तेवढीच ताकद देण्यासाठी थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जास्त उघडावा लागतो, त्यामुळे हवा ओढून घेण्यात वाया जाणारी ताकदही वाचते. ॲव्हरेज वाढतं ते यामुळे.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. जानेवारी 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही झाली. 1975 च्या कायद्याने प्रत्येक उत्पादकाच्या सगळ्या मोटारींना मिळून सरासरी ॲव्हरेजचं बंधन घातलं: 1978 च्या मॉडेलांना गॅलनला 18 मैल (लिटरला साडेसात किलोमीटरच्या वर), 1985 च्या मॉडेलांना 27.5. कारखान्यांसमोर सर्वांत स्वस्त उपाय होता क्राउन-पिनियन बदलण्याचा. 2.73, 2.56, 2.41 असे आकडे घरगुती सेडानपासून स्पोर्ट्स गाड्यांपर्यंत दिसू लागले.

या निर्णयावर आजही वाद होतो, आणि त्या गाड्या मंद झाल्याचा दोष बहुतेक वेळा एक्सलवर येतो. माझ्या मते तो अन्याय आहे. त्या काळी सर्रास बसवल्या जाणाऱ्या तीन गिअरच्या एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचा रेशो 2.52 होता. त्याला 4.10 ने गुणलं तर चाकापाशी इंजिनाचा जोर 10.33 पट मिळतो, 2.41 ने गुणलं तर फक्त 6.07. सिग्नलवरून जड गाडी उचलायला हे अपुरंच. त्यातच प्रदूषणाच्या नियमांसाठी आणि शिसंविरहित पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन, आणि त्याबरोबर ताकद, आधीच उतरवलेली होती. गाडी मंद का वाटते, याचं अर्धं उत्तर तिथे होतं. उरलेलं अर्धं गिअरबॉक्समध्ये होतं: एकाच एक्सलकडून गाडी उचलण्याची आणि हायवेवर पेट्रोल वाचवण्याची अशी दोन्ही कामं करून घ्यायची, तर तीन गिअर पुरत नाहीत.

चौथ्या गिअरची कल्पनाही नवी नव्हती. 1930 च्या दशकापासून अमेरिकेत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा 1 पेक्षा कमी रेशोचा जास्तीचा गिअर, मिळत होता. 1950 च्या दशकातल्या ओव्हरड्राइव्ह गाड्यांना एक्सल बहुधा 4.10 च्या जवळचा असे आणि ओव्हरड्राइव्ह 0.70 चा. म्हणजे उचलताना 4.10, हायवेवर 2.87. पेट्रोल स्वस्त आणि ऑटोमॅटिक लोकप्रिय झाल्यावर तो मागे पडला, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक गाड्यांच्या यादींतून दिसेनासा झाला. पुढच्या काही वर्षांत मॅन्युअल गाड्यांत तो थोडाफार परतला, पण बहुतेक अमेरिकी गिऱ्हाइकं ऑटोमॅटिकच घेत. गरज पडली तेव्हा हा पर्याय हाताशी नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

1978 च्या काही मॉडेलांत टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाला) लॉकअप, म्हणजे दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच, आला आणि घसरण्यात जाणारी ताकद वाचली. खरा फरक पडला 1980 ते 1982 दरम्यान, चार गिअरच्या ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिकमुळे. त्यांतल्या एकीचा पहिला गिअर 3.06 आणि चौथा 0.70. मागे 3.42 चा एक्सल लावला की पहिल्या गिअरला 10.47 मिळतात, जुन्या 4.10 च्या 10.33 पेक्षा किंचित जास्तच, आणि चौथ्यात 2.39, म्हणजे 2.41 पेक्षाही कमी. जुन्या गाड्यांत आज हीच जोडी बसवली जाते. एक्सल बदलल्यावर स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा गिअरही बदलावा लागतो, नाहीतर काटा चुकीचा वेग दाखवतो.

55 मैलांची मर्यादा 1987 मध्ये ग्रामीण महामार्गांवर सैल झाली आणि 1995 मध्ये रद्द झाली. पुढे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोटारी वाढल्या, तसा मागचा एक्सल घरगुती गाड्यांतून हटत गेला. पिकअप ट्रकमध्ये तो टिकून आहे. तिथे दहा गिअरच्या ऑटोमॅटिकसोबतही 3.55 की 3.73 हा प्रश्न गिऱ्हाइकाला सोडवावा लागतो, कारण किती वजनाचा ट्रेलर ओढता येईल ते त्यावरही ठरतं.