न्यूरोसायन्स आणि मेंटल हेल्थमध्ये एमएस्सी करायचीये? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानात फॉर्म भरायला, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) तपासून घ्यायला येणाऱ्यांपैकी हल्ली बरेच जण हाच विषय घेऊन येतात, म्हणून एकदाच छापून ठेवलंय. काउंटरवरून एक उचला आणि घरी आईबाबांनाही वाचायला द्या, निम्मे प्रश्न त्यांचेच असतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी. "हे करून मुलगी डॉक्टर होईल ना?" नाही काकू. नावात मेंटल हेल्थ असलं तरी या डिग्रीवर पेशंट बघता येत नाहीत, मग ती लंडनची का असेना. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसायचं तर आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टरमध्ये नाव लागतं, १९९२ चा कायदा आहे, त्याशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही (दंडाचा आकडा वाचून हसू नका, कैदेचा वाचा). त्यासाठी आतापर्यंत क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एमफिल करायचे, पण यूजीसीने २०२२ च्या नियमांत एमफिलच बंद केलं आणि या विषयाला फक्त २०२५-२६ पर्यंत सूट दिली, त्यामुळे आता कुठला कोर्स चालतो ते आरसीआयच्या साइटवर बघूनच पैसे भरा, कोणा एजंटच्या तोंडावर नको. आणि औषधं लिहून देणारा सायकिॲट्रिस्ट व्हायचं असेल तर आधी एमबीबीएस, मग एमडी किंवा डीएनबीसारखं सायकिॲट्रीचं पुढचं शिक्षण.

मग ही एमएस्सी कशासाठी? रिसर्चसाठी, पुढे पीएचडीसाठी, क्लिनिकल ट्रायलच्या (नवी औषधं-उपचार माणसांवर तपासण्याच्या) कामासाठी. ज्याला "असं का होतं" हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही त्याच्यासाठी. उदाहरण बघा, डिप्रेशनच्या एसएसआरआय प्रकारच्या गोळ्या सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन पेशींत परत शोषलं जाणं काही तासांतच रोखायला लागतात, पण माणसाला बरं वाटायला काही आठवडे जातात, मग मधल्या काळात मेंदूत काय चालतं? यावर लोक अजून भांडतायत. असल्या प्रश्नात मजा वाटली तर या, नुसतं "लोकांना मदत करायचीये" असेल तर काउन्सेलिंग किंवा सोशल वर्क बघा, त्यात कमीपणा काही नाही.

आता स्टॅटिस्टिक्स. बीएला ज्यांनी ते कसंबसं ढकललं त्यांनी हे नीट वाचा. एफएमआरआय हे मेंदूचं स्कॅन न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या पेशींचं, काम थेट दाखवत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतं, आणि मेंदूचे हजारो बारीक तुकडे एकाच वेळी तपासले की नुसत्या योगायोगानेही काही "पेटलेले" दिसतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चक्क मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, यांच्या मनात काय चाललंय असं विचारलं, आणि योग्य ती स्टॅट्सची दुरुस्ती न करता बघितलं तर माशाच्या मेंदूतही ॲक्टिव्हिटी निघाली! असले घोळ पकडायला शिकणं हा कोर्सचा मोठा भाग, त्यामुळे आर किंवा पायथन या कॉम्प्युटरच्या भाषा आत्तापासून हाताखालून घाला.

कुठे करायचं? आधी घरचं बघा. जीवाजी विद्यापीठात न्यूरोसायन्सचा स्वतंत्र विभाग आहे हे ग्वाल्हेरच्याच मुलांना माहीत नसतं. तसंच आपल्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की "आग्र्याला पाठवा" (तिथल्या मेंटल हॉस्पिटलात) म्हणायची सवय, आणि मानसिक आरोग्यशाळा आपल्याच गावात आहे. बाहेर जायचं तर हरियाणात मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, बंगळुरूला आयआयएससी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) आणि निम्हान्स ही मेंदू-मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. निम्हान्सच्या ब्रेन म्युझियममध्ये खरा मेंदू हातात घेऊन बघता येतो, बंगळुरूला गेलात तर जाऊन या. यूकेत फुल टाइम एमएस्सी एका वर्षात होते, आणि किंग्ज कॉलेज लंडनची मेंटल हेल्थच्या सायकॉलॉजी-न्यूरोसायन्सची एमएस्सी पार्ट टाइम, ऑनलाइन पण आहे, नोकरी सोडायची नसेल त्यांना बरी.

एसओपीबद्दल एकच विनंती. "लहानपणापासून मला मानवी मनाचं कुतूहल होतं" हे वाक्य आणू नका, प्रत्येकाच्या कागदावर हेच असतं. त्यापेक्षा डिसर्टेशनमध्ये किती जणांचा डेटा घेतला, कुठली टेस्ट लावली, काय फसलं, ते लिहा. घरातल्या कोणाच्या आजारपणामुळे विषयाकडे वळला असाल तर दोन ओळी पुरेत, त्या माणसाला विचारून. आणि सध्या स्वतःलाच त्रास होत असेल तर ॲडमिशनची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मेंटल हेल्थ हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, कधीही लावा.

आम्ही फॉर्म भरतो, एसओपीतलं इंग्रजी आणि चुका तपासतो, कागद कुरियर करतो. एसओपी आम्ही लिहून देत नाही, ॲडमिशनची गॅरंटीही देत नाही. येताना सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पासपोर्ट असेल तर तो, आणि रेफरन्स देणाऱ्या सरांचा किंवा मॅडमचा कॉलेजचा ईमेल आणा, जीमेल बऱ्याच ठिकाणी चालत नाही. ट्रान्सक्रिप्टचा (विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज मात्र आजच टाका, त्याला वेळ लागतो.